सावित्रीकाठची तक्रार जिनिव्हात ग्राह्य ठरते का?

महाड : महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर तालुक्यातून खाली उतरते, महाड शहराजवळून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. याच खोऱ्यात, बिरवाडीच्या परिसरात महाडची औद्योगिक वसाहत उभी आहे. रासायनिक आणि औषधनिर्मिती कारखान्यांच्या या वसाहतीने दोन्ही तालुक्यांतील अनेक कुटुंबांना रोजगार दिला. त्याचबरोबर सांडपाणी, वायुगळती, स्फोट आणि आगी यांची चिंताही दिली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन लागलेल्या आगीत अनेक कामगारांचा बळी गेला. अशा घटनांनंतर एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. येथील यंत्रणांनी दाद दिली नाही, तर थेट संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार करता येईल काय?

उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. आंतरराष्ट्रीय संस्था तक्रारीच्या खरेखोटेपणाकडे नंतर वळतात. ती विचारात घेण्याजोगी आहे की नाही, हे आधी तपासतात. या पहिल्या चाळणीला 'ग्राह्यता' म्हणतात. पुरावा सबळ असूनही या चाळणीत अडकलेल्या तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत. शिवाय जिनिव्हाच्या वाटेवर वेळ गेल्याने घरची मुदत संपली, तर दोन्हीकडची दाद हातची जाते. म्हणूनच या अटी समजून घेणे अगत्याचे ठरते.

कोणते दार कोणासाठी?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात केवळ राष्ट्रांमधील वाद चालतात. तेथे व्यक्तीला किंवा ग्रामपंचायतीला दावा लावता येत नाही. हेग येथीलच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वंशविच्छेद, युद्धगुन्हे यांसारख्या गुन्ह्यांसाठी आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिका यांच्यासाठी स्वतंत्र मानवी हक्क न्यायालये आहेत. आशिया खंडासाठी असे न्यायालय नाही.

उरतात त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करार समित्या. मानवी हक्कांच्या प्रत्येक प्रमुख कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारी तज्ज्ञांची एक समिती असते. व्यक्तीची तक्रार ऐकण्याचा अधिकार मात्र या समितीला आपोआप मिळत नाही. संबंधित राष्ट्राने त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. काही करारांत ती ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारून, तर काहींत तशी घोषणा करून दिली जाते.

भारताची स्थिती येथे स्पष्ट आहे. नागरी व राजकीय हक्कांचा करार आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार हे दोन्ही भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले. वांशिक भेदभावविरोधी करार १९६८ मध्ये, बालहक्क करार १९९२ मध्ये, महिलांविषयीचा करार १९९३ मध्ये आणि अपंगांच्या हक्कांचा करार २००७ मध्ये भारताने मान्य केला. परंतु यांपैकी एकाही कराराखाली वैयक्तिक तक्रारीची मुभा भारताने दिलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी झाली, तरी त्याला अंतिम मान्यता देण्यात आलेली नाही. परिणामी महाडच्या रहिवाशाने भारताविरुद्ध या समित्यांकडे धाडलेली तक्रार पहिल्याच पायरीवर अग्राह्य ठरते. तिच्यातील मजकूर कितीही खरा असला तरी यात फरक पडत नाही.

पीडित कोण?

जेथे दार उघडे आहे, तेथे पुढचा प्रश्न तक्रारदाराचा. सार्वजनिक हितासाठी कोणीही याचिका करावी, ही भारतीय न्यायालयांनी रुजवलेली परंपरा करार समित्यांपुढे चालत नाही. तक्रारदार स्वतः पीडित असावा, किंवा पीडिताने त्याला अधिकार दिलेला असावा.

या अटीचा अर्थ मॉरिशसच्या एका प्रकरणातून नेमका कळतो. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या या बेटाने वैयक्तिक तक्रारीची व्यवस्था १९७० च्या दशकातच स्वीकारली होती. १९७७ च्या कायद्यांनी तेथील स्त्रियांच्या परदेशी पतींवर निवासाच्या परवानगीची अट घातली. पुरुषांच्या परदेशी पत्नींवर मात्र ती नव्हती. वीस महिलांनी याविरुद्ध मानवी हक्क समितीकडे धाव घेतली. १९८१ मध्ये दिलेल्या निर्णयात समितीने त्यांतील सतरा अविवाहित महिलांना पीडित मानले नाही, कारण कायद्याची झळ त्यांना प्रत्यक्ष पोहोचली नव्हती. परदेशी पुरुषांशी विवाह केलेल्या तिघींची तक्रार मात्र मान्य झाली आणि मॉरिशसला पुढे कायदा बदलावा लागला.

प्रदूषणाच्या तक्रारींना ही अट अधिक जाचक ठरते. दक्षिण पॅसिफिकमधील फ्रान्सच्या अणुचाचण्यांविरुद्ध तेथील रहिवाशांनी केलेली तक्रार १९९६ मध्ये फेटाळण्यात आली. चाचण्यांमुळे आपल्या जीविताला खराखुरा आणि नजीकचा धोका असल्याचे ते दाखवू शकले नाहीत, असे समितीचे मत पडले. 'नदी प्रदूषित आहे' एवढे म्हणणे पुरेसे नसते. 'या विहिरीचे पाणी हे कुटुंब पिते, या तारखेला घेतलेल्या नमुन्यात हे घटक आढळले आणि या व्यक्तीला हा त्रास झाला', अशी साखळी जुळवावी लागते.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. या संस्थांपुढे प्रतिवादी असते ते राष्ट्र, कारखाना नव्हे. त्यामुळे कारखान्याने काय केले, यापेक्षा सरकारी यंत्रणेने ते रोखले का नाही, तपासणी केली का, कारवाई केली का, हा तक्रारीचा गाभा असावा लागतो.

देशातील उपाय संपवण्याची अट

सर्वाधिक तक्रारी अडखळतात त्या या अटीपाशी. आंतरराष्ट्रीय संस्था या अपिलाची जादा पायरी नव्हेत. चूक सुधारण्याची पहिली संधी त्या राष्ट्राच्या न्यायालयांना मिळावी, हे यामागचे तत्त्व. उपाय महाग आहे, त्यातून काही निष्पन्न होईलसे वाटत नाही, एवढ्या कारणावर ही अट माफ होत नाही. शिवाय जो मुद्दा जिनिव्हात मांडायचा, त्याचा आशय देशातील न्यायालयांपुढे मांडलेला असावा लागतो.

कॅनडातील पोर्ट होप येथे किरणोत्सारी कचरा वस्तीलगत साठवला गेल्याबद्दल रहिवाशांच्या गटाने तक्रार केली होती. हा प्रश्न जीविताच्या हक्काशी निगडित असल्याचे मानवी हक्क समितीने जाणले. पण कॅनडातील न्यायालयांत दाद न मागितल्याने १९८२ मध्ये ती अग्राह्य ठरली. हवामान बदलाबाबत बालहक्क समितीकडे जगभरातील मुलांनी अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी व तुर्कस्तान या पाच राष्ट्रांविरुद्ध केलेली तक्रार २०२१ मध्ये याच कारणाने नामंजूर झाली. तक्रारदारांत भारतातील एक मुलगीही होती. मुले पीडित असू शकतात, हे समितीने मान्य केले. परंतु त्यांनी त्या देशांतील न्यायालयांचे दार ठोठावले नव्हते.

या नियमाला अपवादही आहेत. उपाय अस्तित्वातच नसेल, केवळ नावापुरता असेल किंवा त्याला अवाजवी विलंब लागत असेल, तर तो संपवण्याची गरज नसते. पॅराग्वेतील शेतमजूर कुटुंबांच्या वस्तीलगत झालेल्या कीटकनाशकांच्या फवारणीनंतर २०११ मध्ये एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. फौजदारी तपास वर्षानुवर्षे रखडला. मानवी हक्क समितीने ही तक्रार दाखल करून घेतली आणि राष्ट्राने जीविताच्या हक्काचे रक्षण केले नाही, असा निर्णय २०१९ मध्ये दिला. पर्यावरणाच्या हानीबाबत हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो.

चवदार तळ्याची दहा वर्षे

विलंब म्हणजे काय, हे महाडकरांना वेगळे सांगावयास नको. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा महाडच्या न्यायालयात दाखल केला आणि डिसेंबरमधील दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. बहिष्काराची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी तीन न्यायालये आणि दहा वर्षे लागली.

त्या काळी या वादाला आंतरराष्ट्रीय व्यासपीठ नव्हते. राष्ट्रसंघाने १९२३ मध्ये अल्पसंख्याकांच्या अर्जांसाठी ग्राह्यतेच्या पाच अटी ठरवल्या होत्या. अर्ज निनावी नसावा, त्यात हिंसक भाषा नसावी, अशा अटींचा त्यांत समावेश होता. पण ही व्यवस्था युरोपातील काही राष्ट्रांशी झालेल्या करारांपुरती होती. आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या अर्जांत आढळणाऱ्या अटींचे मूळ बऱ्याच अंशी तेथे सापडते.

मुदत आणि इतर अटी

मुदती संस्थेगणिक बदलतात. वांशिक भेदभावविरोधी समितीकडे देशातील उपाय संपल्यापासून सहा महिन्यांत, तर आर्थिक-सामाजिक हक्क समिती व बालहक्क समितीकडे एक वर्षात तक्रार जावी लागते. मानवी हक्क समितीच्या प्रोटोकॉलमध्ये ठरावीक मुदत नाही. मात्र उपाय संपल्यावर पाच वर्षांहून अधिक विलंब झाल्यास तो प्रक्रियेचा गैरवापर ठरू शकतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची सहा महिन्यांची मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून चार महिन्यांवर आणण्यात आली आहे.

याखेरीज तक्रार निनावी चालत नाही. तक्रारदाराचे नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती मात्र करता येते. हक्क त्या करारातील असावा लागतो. तीच बाब अन्य आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे चालू नसावी. राष्ट्राने करार स्वीकारण्यापूर्वीची घटना विचारात घेतली जात नाही. मात्र तिचे उल्लंघन पुढेही चालू राहिले असेल, तर अपवाद होऊ शकतो. तक्रारीसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

भारतीयांसाठी उघडे मार्ग

करार समित्यांचे दार बंद असले, तरी इतर काही मार्ग उपलब्ध आहेत. मानवी हक्क परिषदेने नेमलेले विशेष प्रतिवेदक कोणत्याही राष्ट्राबाबत माहिती स्वीकारतात; त्यासाठी राष्ट्राची वेगळी संमती किंवा देशातील उपाय संपवण्याची अट नाही. घातक पदार्थ व टाकाऊ रसायने यांसाठी १९९५ पासून असा स्वतंत्र प्रतिवेदक आहे. माहिती पीडिताने किंवा प्रत्यक्ष, विश्वासार्ह माहिती असणाऱ्याने द्यावी लागते. भाषा शिवराळ नसावी, हेतू राजकीय नसावा आणि केवळ वर्तमानपत्रांतील बातम्यांवर ती आधारलेली नसावी. प्रतिवेदक सरकारला पत्र पाठवून खुलासा मागतो. त्याला आदेश देण्याचा अधिकार नाही.

दुसरा मार्ग परिषदेच्या गोपनीय तक्रार प्रक्रियेचा. १९७० पासून चालत आलेल्या पद्धतीची २००७ मध्ये पुनर्रचना होऊन ती सिद्ध झाली. तेथे देशातील उपाय संपवण्याची अट आहे आणि एखाद-दुसरी घटना पुरत नाही. गंभीर उल्लंघनांची सातत्यपूर्ण मालिका दाखवावी लागते. तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एकीत असावी लागते. त्यांत मराठी वा हिंदी नाही. त्यामुळे कागदपत्रांच्या इंग्रजी भाषांतराची तजवीज करावी लागते.

कामगारांच्या संघटना स्थापन करण्याच्या हक्कावर गदा आल्यास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची समिती तक्रार ऐकते. भारताने संघटना स्वातंत्र्यविषयक दोन मूलभूत करार मान्य केले नसले, तरी ही समिती भारताविरुद्धच्या तक्रारी घेते. येथे एकटा कामगार चालत नाही. तक्रार कामगार संघटनेचीच असावी लागते.

प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज असेल, तर बँकेच्या तपासणी पॅनेलकडे जाता येते. या पॅनेलचा जन्मच सरदार सरोवराच्या वादातून झाला. धुळे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नंदुरबारमधील, आदिवासी गावांसह नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांच्या प्रश्नावर बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये कठोर अहवाल दिला. पुढील वर्षी भारताने उर्वरित कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी पॅनेल स्थापन झाले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातील विस्थापितांनी २००४ मध्ये पॅनेलकडे चार अर्ज केले. चौकशीच्या अहवालानंतर बँकेने मार्च २००६ मध्ये रस्ते व पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखला. या पॅनेलची अट अशी, की किमान दोन बाधित व्यक्तींनी आधी बँकेच्या व्यवस्थापनाकडे दाद मागितलेली असावी.

परदेशात स्थायिक मराठी कुटुंबांची स्थिती वेगळी आहे. नागरिकत्व नव्हे, तर ज्या राष्ट्राच्या अधिकारक्षेत्रात हक्कभंग झाला, ते राष्ट्र महत्त्वाचे असते. त्यामुळे कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडमधील भारतीय नागरिक तेथील सरकारविरुद्ध मानवी हक्क समितीकडे जाऊ शकतो. ब्रिटनने तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. मात्र तेथील रहिवाशाला युरोपीय न्यायालय उपलब्ध आहे. अमेरिकेतील रहिवाशाला भारताप्रमाणेच वैयक्तिक तक्रारीचे हे दार बंद आहे.

आधी घरची मुदत

महाड-पोलादपूरच्या तक्रारदारासाठी म्हणूनच देशातील मुदती अधिक मोलाच्या ठरतात. राष्ट्रीय हरित लवादाकडे पर्यावरणविषयक वाद वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत न्यावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात. नुकसानभरपाई व पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी पाच वर्षांची मुदत आहे. लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. लवादाच्या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि २००१ पासून कार्यरत असलेला राज्य आयोग यांना घटनेनंतर एक वर्ष उलटल्यावर चौकशी करता येत नाही. तीच बाब एका आयोगापुढे असताना दुसरा ती घेत नाही. निनावी व मोघम तक्रारी, न्यायप्रविष्ट बाबी, नोकरीविषयक व औद्योगिक वाद आयोग सामान्यतः नाकारतो. तक्रार लोकसेवकाच्या कृतीबद्दल किंवा हक्कभंग रोखण्यातील त्याच्या हलगर्जीपणाबद्दल असावी लागते. अर्ज विनाशुल्क असतो. संविधानाच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयाचा मार्ग स्वतंत्रपणे खुला आहे. निरोगी पर्यावरण हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे भारतीय न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने स्वच्छ पर्यावरणाच्या हक्काला मान्यता दिली ती जुलै २०२२ मध्ये.

या सर्व मार्गांना लागणारी शिदोरी एकच आहे. घटनेची तारीख व वेळ, पाण्याच्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, दवाखान्याचे कागद, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिलेल्या अर्जाची पोच, माहिती अधिकारात मिळालेली संमतिपत्रे व तपासणी अहवाल यांची तारीखवार फाइल प्रारंभापासून ठेवावी लागते. हरित लवादापुढे तीच पुरावा ठरते आणि पुढे प्रतिवेदकाकडे जाताना तीच विश्वासार्ह माहिती मानली जाते. अर्जाची पोच न घेणे किंवा सहा महिने केवळ आश्वासनांवर विसंबून काढणे, या साध्या चुकांमुळे रास्त तक्रारीही दाराबाहेर राहतात. जिनिव्हाला लिहिलेल्या पत्राने पुण्यातील मुदत थांबत नाही. म्हणून पहिला अर्ज पुण्याच्या किंवा मुंबईच्या मुदतीत बसेल, हे पाहणे आणि प्रतिवेदकाला माहिती त्याच्या जोडीने देणे, हाच व्यवहार्य क्रम ठरतो.